लढाई अमेरिकेची, लिलाव खानदेशात

युद्ध कोणाचे आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न चाळीसगावच्या कापूसपट्ट्याला नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईच्या बाजारात भाव भडकले. त्याच सुमारास जी.आय.पी. रेल्वे चाळीसगाववरून भुसावळकडे सरकत होती. शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला, सावकारानेही हात सैल सोडला.

१८६५ मध्ये लढाई संपली. भाव कोसळले, कर्ज तसेच, सारा रोखीनेच भरायचा.

आम्ही वकील आहोत, म्हणून एका कायद्याकडे बोट दाखवतो. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. ऋणकोच्या भल्यासाठी म्हणे! सावकार मुदत संपण्याआधीच व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेऊ लागला. अंगठा दिला नाही तर दावा, हुकूमनामा आणि जमिनीचा लिलाव. १८७५ साली पुणे-नगरचे शेतकरी सावकारांच्या दस्तऐवजांवर तुटून पडले, तेव्हा कुठे सरकार हलले. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला, पण पुणे, सातारा, सोलापूर आणि नगरपुरता. खानदेश वगळला!

आणि ज्याच्या नावे जमीनच नव्हती, त्या कापूस वेचणाऱ्या मजुराचे काय? त्याची मजुरी बुडाली तर त्याने दावा कोणत्या कागदावर लावायचा?

या युद्धाने अमेरिकेतील गुलाम मुक्त झाले. त्यासाठी जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकन जनतेला अर्पण केली. दहाच वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांना ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा करावा लागला.