देशाला स्वतःचा चित्रपट हवा

वेरूळच्या कैलास लेण्याच्या भिंतींवर रामायण व महाभारतातील प्रसंग एकाखाली एक अशा पट्ट्यांत कोरलेले आहेत. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकीर्दीत हे लेणे खोदले गेले. अक्षरओळख नसलेल्या यात्रेकरूलाही ती कथा नजरेने वाचता येते. आपल्या कथा आपल्याच कारागिरांनी चित्ररूपाने सांगाव्यात, ही या भूमीची जुनी परंपरा होय. विसाव्या शतकात हेच कार्य चित्रपटाने हाती घेतले.

फाळके यांचा संकल्प

१९१०च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहताना, आपल्या राम-कृष्णांची चरित्रे पडद्यावर केव्हा दिसतील, असा विचार दादासाहेब फाळके यांच्या मनात आला. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले. पत्नी सरस्वतीबाई यांनी मंडळींच्या स्वयंपाकापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे सांभाळली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. यंत्र परदेशी असले, तरी कथा, कलावंत व कष्ट येथलेच होते.

स्वतःचे दुःख स्वतःच्या पडद्यावर

स्वतःच्या चित्रपटाचा लाभ पौराणिक कथांपुरता मर्यादित नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरी करावयास गेलेल्या शेतकऱ्याची ही कथा. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. गावातील गहाणखत आणि चावडी यांचा अर्थ दूरदेशीच्या निर्मात्यास कोठून कळणार? आपले दोष व आपली दुःखे समाजासमोर मांडण्याचे साधन समाजाच्याच हाती असले पाहिजे, हे या चित्रपटाने दाखवून दिले.

भाषा आणि रोजगार

बोलपट आल्यावर या प्रश्नास भाषेचीही जोड मिळाली. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये मराठीतून बोलला. त्याच संस्थेचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. देहूची कथा जगाने ऐकली, ती मराठी भाषेतच.

चित्रपट हा उद्योगही आहे. एका चित्रपटामागे सुतार, रंगारी, शिंपी, वादक, लेखक, विजेचे कारागीर अशा अनेकांचे हात असतात. चित्रपट देशात निर्माण झाला, तर प्रेक्षकाच्या तिकिटाच्या पैशातील काही भाग याच हातांपर्यंत पोहोचतो आणि कौशल्य पुढील पिढीकडे जाते. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली, हे याचेच उदाहरण.

जतनाची जबाबदारी

तथापि, निर्मितीइतकेच जतनही महत्त्वाचे आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच उपलब्ध आहे, ‘सावकारी पाश’चा मूळ मूकपट तर हरपला आहे. कैलासाचा पाषाण बाराशे वर्षे टिकला, फिल्म मात्र शंभर वर्षांतच नष्ट झाली. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हे धन सांभाळण्याचे कार्य करीत आले आहे.

शाळेत चांगला मराठी चित्रपट दाखवून मुलांना त्यावर बोलते करणे, ग्रामपंचायतीने गावात त्याचा खेळ लावणे, ही लहान कामेही या कार्यास बळ देणारी आहेत. ज्या चित्रपटाला त्याच्या गावात प्रेक्षक आहे, तोच उद्या टिकेल.