हृदयातल्या आडवाटा

गिनीपिगच्या हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी बांधून टाकली, तरी हृदयाचा स्नायू मरत नाही. डुकराच्या हृदयात तसंच केलं, तर त्या धमनीच्या वाट्याचा जवळजवळ सगळा स्नायू काही तासांत मरतो. फरक असतो तो धमन्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचा. गिनीपिगमध्ये त्यांचं दाट जाळं असतं, डुकरात त्या नावापुरत्या. आणि माणसामाणसांत तर याबाबत कमालीची तफावत आढळते.

डॉक्टर या वाहिन्यांना ‘कोलॅटरल’ म्हणतात. इंग्लंडच्या रिचर्ड लोअर यांनी १६६९ मध्येच त्यांची नोंद केली होती. तरीही १८८१ मध्ये यूलियस कोनहाइम या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हृदयधमन्या कुठेच जुळत नसल्याचा निष्कर्ष काढला, आणि त्यांच्या नावाच्या दबदब्यामुळे तो दीर्घकाळ टिकला. १९६०च्या दशकात ग्लासगोच्या विल्यम फुल्टन यांनी मृतांच्या हृदयधमन्यांत क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य भरून छायाचित्रं घेतली. निरोगी हृदयांतही जोडवाहिन्या दिसल्या.

त्या मोठ्या होतात कशा? धमनी हळूहळू अरुंद झाली की तिच्या पलीकडचा दाब घटतो आणि शेजारच्या धमनीतलं रक्त या आडवाटांनी तिकडे वळतं. वाढलेल्या प्रवाहाचं घर्षण आतल्या अस्तराला जाणवतं, मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात, आणि वाहिनी रुंदावते, तिची भिंत जाड होते. याला वेळ लागतो. म्हणूनच वर्षानुवर्षं अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा त्रास, असलेल्या एखाद्याची धमनी पूर्ण बंद होऊनही स्नायू शाबूत राहू शकतो. उलट, जेमतेम अरुंद झालेल्या धमनीत अचानक गुठळी झाली, तर धडधाकट तरुणाच्या हृदयाचा मोठा भाग निकामी होऊ शकतो.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या क्रिस्टियान सायलर यांनी या आडवाटा मोजण्याची पद्धत रूढ केली. अँजिओप्लास्टीच्या वेळी फुगा फुगवून धमनी मिनिटभर बंद करायची आणि फुग्यापलीकडे किती दाब उरतो ते पाहायचं. त्यांच्या गटाने स्थिर हृदयविकाराच्या ८४५ रुग्णांचा मागोवा घेतला. आडवाटा चांगल्या असलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. २०१२ मध्ये १२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला.

अशा वाटा मुद्दाम तयार करता येतील का? मॉन्ट्रियलचे आर्थर वाइनबर्ग यांनी १९५० मध्ये छातीतली एक धमनी रुग्णाच्या हृदयाच्या स्नायूत रोवली. तिथून नव्या वाहिन्या फुटतील, ही त्यांची अपेक्षा. बायपास शस्त्रक्रिया रुळण्याआधीचं हे धाडस थोरच. पुढे वाढघटक आणि जनुकं वापरून झालेल्या मोठ्या चाचण्यांनी निराशा केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात मात्र चार आठवड्यांच्या देखरेखीखालच्या नियमित व्यायामाने आडवाटांतला प्रवाह वाढला. ते रुग्ण जुन्या, स्थिर आजाराचे होते. छातीत दुखत असताना चालून पाहणं जिवावर बेतू शकतं.

झटक्याच्या वेळी या वाहिन्या प्रामुख्याने मुदत वाढवून देतात. १९९१ मधल्या एका अमेरिकी विश्लेषणात, औषधाने गुठळी न विरघळलेल्या रुग्णांपैकी ज्यांना आडवाटा होत्या, त्यांच्या हृदयाचं नुकसान कमी आढळलं. पण त्यांचा प्रवाह बहुधा तुटपुंजा असतो. स्नायू काही काळ तग धरतो, इतकंच. शिवाय कोणाच्या वाटा किती रुंद, हे दुखण्याच्या तीव्रतेवरून किंवा ईसीजीवरून खात्रीने कळत नाही. ते चित्र उमटतं कॅथलॅबमध्ये रंगद्रव्य सोडल्यावर, आणि तिथवर रुग्ण वेळेत पोहोचायचा तर १०८ला फोन पहिल्या काही मिनिटांतच जायला हवा.