आवाजाची चाचणी, कानाची परीक्षा

भरदुपारी डोंबिवलीतल्या एखाद्या घरात पंखा बंद, खिडक्या बंद आणि आतून कुणी किंचाळत असेल, तर लगेच घाबरून जाऊ नका. कदाचित घरातला मुलगा ऑडिशन देत असेल! आवडत्या जपानी कार्टून मालिकेतला एखादा प्रसंग पाच-सात मित्रांनी मिळून मराठीत आणायचा, याला म्हणायचं हौशी डबिंग. इथे पैसे मिळत नाहीत. पण भूमिका हवी तर आवाजाची चाचणी द्यावीच लागते.

ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर. इथली नाटकं पाहत वाढलेल्यांना वाटतं, आवाज खणखणीत असला की झालं. मलाही तसंच वाटायचं. पहिल्या चाचणीत मी एका नामवंत नटाचा आवाज हुबेहूब काढला, तोही अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, "छान. पण तो नट आहेच की! तुमचा आवाज कुठाय?" माइक तोंडापासून जेमतेम वीतभर लांब असतो. त्याच्याशी शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलायचं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग चाचणीत पाहतात तरी काय? आधी तुमचा कान. मूळ प्रसंग चार-पाच वेळा पाहा. एकदा आवाज बंद करूनही पाहा. पात्र कुठे श्वास घेतं, कुठे थांबतं, कुणाशी बोलतं, हे कागदावर टिपा. नंतर ओठ. प, ब, भ, म म्हणताना आपले ओठ मिटतात. पडद्यावरच्या नटाचे ओठ शेवटी मिटत असतील, तर तिथे 'नको जाऊस'पेक्षा 'थांब' चपखल बसतं. कार्टूनमध्ये बहुधा तोंड नुसतं उघडतं-मिटतं; तिथे वाक्य तोंडाबरोबर सुरू होऊन तोंडाबरोबरच संपणं महत्त्वाचं. धाप, आवंढा, हुंदका यांचीही तयारी ठेवा. पुष्कळ जण संवाद पाठ करतात आणि नेमके इथे अडतात.

आता उच्चारांविषयी. एकदा आमच्याकडे कल्याणजवळच्या गावातली एक मुलगी आली. घरात आगरी बोलणारी. पण चाचणीत अगदी पुस्तकी मराठी वाचत होती, तेही दबून. मी म्हटलं, "हीच आजी तुझ्या घरातली आहे असं समज." तिने तोच संवाद आगरी ढंगात म्हटला आणि आजी समोर उभी राहिली! प्रमाण उच्चार जरूर शिकावेत, कारण अनेक भूमिकांना ते लागतात. पण घरची बोली लपवू नये. तीही गाठीला असलेली पुंजीच आहे.

सराव काय करू शकतो, याचं उदाहरण शरद केळकर. हिंदी 'बाहुबली'त प्रभासला आवाज देणारे केळकर पूर्वी बोलताना अडखळत, हे त्यांनीच सांगितलं आहे. २०२१ मध्ये 'बाहुबली' मराठीतही आला, तेव्हा नायकाला गश्मीर महाजनी यांचा आवाज लाभला. म्हणजे मराठीतही हे काम होतं.

ध्वनिमुद्रण रात्री करा, लोकलची वर्दळ कमी झाल्यावर. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर उभे राहा, मागे गोधडी टांगा; आवाज घुमत नाही. सुरुवातीला नाव आणि भूमिका सांगा. एकच संवाद दोन वेगळ्या तऱ्हांनी म्हणून पाठवा. म्हणजे सूचना दिली तर तुम्ही बदलू शकता, हे ऐकणाऱ्याला कळतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मालिकेचे हक्क निर्मात्यांचे असतात. '१९५७चा कॉपीराइट कायदा आम्हाला लागू नाही, आम्ही पैसे कुठे घेतो?' असं म्हणून चालत नाही. परवानगी नसेल तर ते काम सरावापुरतं ठेवा आणि लोकांसमोर मांडायला स्वतःची गोष्ट लिहा.

आणि निवड झाली नाही तर? ज्याची झाली, त्याचा संवाद मागून घ्या आणि डोळे मिटून ऐका. तो कुठे थांबला, हे लक्षात आलं की पुढच्या चाचणीची तयारी सुरू झाली म्हणून समजा.