बर्फ नशिबाने पडत नाही!
(गुलमर्गला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हवामानाचे चार धडे)

हिवाळ्यात रजा आणि एल.टी.सी. यांचा मेळ बसला की आता आपल्या कामगार-कर्मचाऱ्यांच्या घरांतही काश्मीर सहलीचा विषय निघतो. मुलांनी बर्फ फक्त टीव्हीवर पाहिलेला असतो. मग गुलमर्गचे नाव येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो : आपण जाऊ तेव्हा बर्फ असेल का? कोणी म्हणतो, नशिबात असेल तर दिसेल. आम्ही म्हणतो, नशिबाला मध्ये आणू नका. बर्फ कारणाने पडतो, आणि कारण समजले की अंदाज वाचता येतो. तथागतांनी सांगितलेला कार्यकारणाचा नियम आकाशालाही लागू आहे.

बर्फ येतो कुठून?

आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयापर्यंत येतात. यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. डोंगराला अडलेली ओलसर हवा वर चढते, थंड होते आणि तिचा बर्फ होऊन पडतो. हा प्रवास उपग्रहाला आधीच दिसतो. म्हणून पुढच्या दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर बराच भरवसा ठेवता येतो. दहा दिवसांपुढचा अंदाज हा केवळ इशारा समजावा.

काश्मिरात 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. कडाक्याच्या थंडीचा हा काळ. पण तारीख उजाडली म्हणून बर्फ पडत नाही. जानेवारी 2024 मध्ये महिन्याचा बराच काळ गुलमर्गचे उतार उघडेबोडके राहिले. पश्चिमी विक्षोभच जोरदार आले नाहीत. पर्यटकांची निराशा झाली, पण खरा फटका बसला तो स्लेज ओढणाऱ्या, घोडे हाकणाऱ्या आणि वाट दाखवणाऱ्या माणसांना. बर्फ नाही तर मजुरी नाही. हातावर पोट असणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

अंदाज वाचताना चार गोष्टी पाहा

पहिली, उंची. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर, गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या अंगावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत जातो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे गुलमर्गला शून्य असेल तर वर उणे आठ! श्रीनगरला पाऊस असताना गुलमर्गला बर्फ पडतो, तो याच कारणाने. अंदाज कोणत्या उंचीचा आहे, हे आधी विचारा.

दुसरी, प्रमाण. आकडा मिलिमीटरमध्ये असेल तर ते पाण्याचे माप आहे. 10 मिलिमीटर पाण्याचा साधारण 10 सेंटीमीटर ताजा बर्फ होतो. थंडी कडक असेल तर अधिक.

तिसरी, शब्द. हवामान खात्याच्या बातमीतले ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ हे मोजलेले शब्द आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर. तसेच रंगांचे : हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे ताबडतोब खबरदारी घ्या.

चौथी, वारा. वारा जोराचा असेल तर वरचा गोंडोला बंद ठेवतात. तिकीट काढले आहे म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू नका. तो तुमच्याच मुलाबाळांचा विचार करीत असतो.

निळे आकाश म्हणजे सुरक्षितता नव्हे

पडणारा बर्फ वेगळा आणि पडून राहिलेला बर्फ वेगळा. फेब्रुवारीअखेर दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठतो. सकाळी तो काचेसारखा कडक आणि निसरडा असतो, दुपारी मऊ होतो. नवशिक्याने पहिला धडा गुलमर्गच्या सपाटीवरच्या सौम्य उतारावर घ्यावा.

खरा घात होतो तो मोठ्या हिमवृष्टीनंतर. जुन्या थरावर नवा जड थर बसतो, वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो, आणि 30 ते 45 अंशांच्या उतारावरून तो सगळा थर एकदम सुटतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. वादळ थांबून लख्ख ऊन पडले की माणसाला वाटते, आता धोका टळला. प्रत्यक्षात तेच दिवस फसवे असतात. 8 फेब्रुवारी 2010 रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला सरावासाठी गेलेले 17 सैनिक हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू, तर 22 फेब्रुवारी 2024 रोजी रशियाचा एक स्कीपटू असाच गेला. बर्फाखाली गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तरच वाचण्याची आशा मोठी असते.

संरक्षण खात्याची हिमसंशोधन संस्था जिल्हावार आणि उंचीवार हिमस्खलनाचे इशारे देते. लष्करात गेलेली आपल्या वस्त्यांतली मुले असल्याच बर्फात पहारा देतात. त्यांच्या आईबापांनीही हे इशारे वाचायला शिकावे. घरी आलेल्या पत्राचा आणि फोनचा अर्थ अधिक नीट कळेल.

तपासा, मगच माना

अंदाज चुकतो, तेव्हा काही जण म्हणतात, ‘शास्त्रज्ञ आणि ज्योतिषी सारखेच!’ हे साफ चूक आहे. हवामान खाते आपला अंदाज दुसऱ्या दिवशीच्या मोजणीशी ताडून पाहते, चूक कुठे झाली ते शोधते आणि पद्धत सुधारते. ज्योतिषी असा हिशेब कधी देत नाही. कालामांना तथागतांनी हीच कसोटी दिली होती : परंपरा आहे म्हणून नव्हे, तपासून पटले म्हणून स्वीकारा.

1875 साली स्थापन झालेल्या या खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरची ती वास्तू लोक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. पुण्याला गेलात तर मुलांना ती जरूर दाखवा, आणि तिथे मुहूर्त काढत नाहीत, मोजमाप करतात, हे सांगा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, सहलीला जरूर जा. निघण्याच्या तीन दिवस आधीपासून रोज अंदाज वाचा. इशारा असेल तर बेत बदला. आणि वर नेणारा स्थानिक वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला तर त्याचे ऐका. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडत असतानाही तो नाही म्हणतो आहे, एवढे लक्षात घ्या.