शाखांतराची कैफियत

अमेरिकेतील महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी आरंभी जो मुख्य विषय पत्करतो, तो पदवी हाती येईपर्यंत त्याच्यापाशी टिकेलच अशी हमी तेथे कोणी देत नाही. विषय बदलण्याची मुभा हे त्या शिक्षणपद्धतीचे एक मान्य अंग आहे. तेथील राष्ट्रीय शिक्षण-सांख्यिकी केंद्राने २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे, की २०११-१२ मध्ये पदवीचा अभ्यास सुरू करून मुख्य विषय जाहीर केलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी तीन वर्षांच्या आत निदान एकदा तरी तो बदलला होता, आणि गणितापासून आरंभ करणाऱ्यांत तर हे प्रमाण ५२ टक्के होते. असे आकडे गोळा करण्यास लागणारे श्रम थोडे नाहीत आणि त्यांची योग्यताही मी कमी लेखत नाही. परंतु त्या निम्म्या मुलामुलींनी गणिताकडे पाठ का फिरवली, या प्रश्नापाशी आकड्यांची वाचा बंद होते.

उत्तराची जागा अशी मोकळी राहिली, की माणसाचे मन तेथे एखादे सोयीचे उत्तर आणून बसवते. विज्ञान अगर अभियांत्रिकी सोडून इतिहास, मानसशास्त्र किंवा व्यापार यांकडे वळलेल्या विद्यार्थ्याविषयी ‘त्याला ते झेपले नाही’ हा अभिप्राय तेथील प्राध्यापकवर्गात दीर्घकाळ रूढ होता, आणि तो इतका स्वयंसिद्ध भासे की त्याची शहानिशा करण्याची निकड फारशी कोणाला वाटत नसे. कोलोरॅडो विद्यापीठातील इलेन सेमोर आणि नॅन्सी ह्युइट या दोन संशोधिकांनी ती केली. १९९० ते १९९३ या काळात सात निरनिराळ्या प्रकारच्या शिक्षणसंस्थांतील ३३५ विद्यार्थ्यांशी त्या बोलल्या, आणि १९९७ मध्ये ‘टॉकिंग अबाउट लीव्हिंग’ या ग्रंथात त्यांनी या संभाषणांचे सार मांडले.

या संशोधनाची खरी थोरवी, माझ्या मते, त्याच्या निष्कर्षांहूनही त्याच्या मांडणीत आहे. निवडलेला प्रत्येक विद्यार्थी असा होता, की महाविद्यालयीन प्रवेशापूर्वीच्या ‘सॅट’ परीक्षेत गणिताच्या ८०० गुणांपैकी त्याला किमान ६५० मिळालेले होते; म्हणजे ज्यांना विषय झेपणारच नव्हता असे म्हणण्यास सकृद्दर्शनी जागा नव्हती, अशांचीच कैफियत ऐकली गेली. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सोडून गेलेल्यांना ‘तुम्ही का गेलात’ असे विचारण्याचे कोणालाही सुचले असते; पण जे गेले नाहीत, त्याच वर्गांत त्याच बाकांवर बसून ज्यांनी पदवीपर्यंत मजल मारली, त्यांनाही तितक्याच आस्थेने बोलते करावे, ही दृष्टी विरळा. जाणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांनी शिकवण्याच्या निकृष्टतेची तक्रार केली, एवढेच कळले असते तर निकृष्ट अध्यापनामुळे विद्यार्थी जातात असा सरळ निष्कर्ष निघाला असता. परंतु राहिलेल्यांपैकीही जवळजवळ तीन चतुर्थांशांनी तीच तक्रार केली, तेव्हा ती जाणाऱ्यांची पळवाट नसून संस्थेचेच व्यंग आहे, हे उघड झाले. दोहोंतील तफावत बुद्धीची नव्हती आणि कष्टाळूपणाचीही नव्हती. संकटाशी जुळवून घेण्याची काही युक्ती सापडणे, नेमक्या वेळी एखाद्या अध्यापकाने हात देणे, अशा बऱ्याचशा यादृच्छिक गोष्टींवर ती अवलंबून होती.

या पद्धतीत संभाषण कसे चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. छापील प्रश्नावलीत ‘गोडी उरली नाही’ या पर्यायापुढे खूण केली की विद्यार्थी मोकळा होतो आणि संशोधकही. समोरासमोरच्या मुलाखतीत मात्र ते वाक्य उच्चारले गेले म्हणजे प्रश्नांना खरा आरंभ होतो: गोडी पूर्वी होती ती कशाची, ती कोणत्या वर्गात ओसरू लागली, त्या दिवशी फळ्यावर काय चालले होते, घरी ते कोणाला सांगितले. अशी विचारपूस होता होता पुष्कळदा असे निष्पन्न होते, की गोडी आपोआप आटलेली नसते. शेकडो विद्यार्थ्यांच्या प्रचंड वर्गात, निम्म्यांना गाळण्याच्या उद्देशानेच आखलेल्या पहिल्या वर्षाच्या परीक्षांत, शंका विचारणाऱ्याला कमी लेखणाऱ्या वातावरणात ती हळूहळू मारली गेलेली असते.

अशा शेकडो तासांच्या ध्वनिमुद्रित जबान्या शब्दशः उतरवून घेतल्यानंतर त्यांचे करायचे काय, हा प्रश्न नवख्या संशोधकाला धडकी भरवणारा असतो. याचे एक शिस्तबद्ध उत्तर बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्राउस या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दिले. इस्पितळांतील मरणासन्न रुग्णांभोवतीचा व्यवहार अभ्यासताना त्यांची अशी धारणा झाली होती, की सिद्धान्त आधी ठरवून पुरावे त्याच्या मापाने कापण्यापेक्षा पुराव्यांतूनच सिद्धान्त वर येऊ द्यावा. जबानीतील प्रत्येक अर्थपूर्ण तुकड्याला एक नाव द्यायचे, नव्या तुकड्याची जुन्याशी सतत तुलना करायची, नावांचे गट बांधायचे, आणि नव्या मुलाखतींतून नवे काही हाती लागेनासे झाले म्हणजे तेथे थांबायचे, असा हा क्रम आहे. म्हणूनच ‘एवढ्याशा माणसांवरून सर्वांविषयी कसे बोलता’ हा नेहमीचा आक्षेप येथे पुरता लागू पडत नाही. ‘किती जण’ याचा हिशेब सांख्यिकीने द्यावा, ‘काय घडते आणि कसे’ हे सांगण्याचा भार या पद्धतीने स्वतःवर घेतलेला असतो. अर्थात आपल्या अनुमानाला छेद देणारी एखादीही जबानी दप्तरात दडपून ठेवायची नाही, उलट ती मुद्दाम शोधत जायचे, हे पथ्य जो पाळीत नाही त्याच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

याहून बिकट अडचण स्मृतीची आहे. भौतिकशास्त्र सोडून दोन वर्षांपूर्वी अर्थशास्त्रात गेलेली आणि तेथे सुखाने रमलेली मुलगी जेव्हा आपली हकीकत सांगते, तेव्हा आजच्या समाधानाचा रंग त्या जुन्या निर्णयावर नकळत चढलेला असतो. त्यात लबाडी नसते, प्रत्येकजण आपल्या आयुष्याची संगती अशीच लावतो. म्हणून काही संशोधक एकाच विद्यार्थ्याला दर सत्रात भेटत राहतात, म्हणजे निर्णय होऊन गेल्यावर नव्हे तर होत असतानाच त्याची नोंद होते. आयर्व्हिंग साइडमन यांनी तीन मुलाखतींची मालिका सुचवली आहे: पहिलीत पूर्वायुष्य, दुसरीत अनुभवाचा बारीक तपशील, आणि तिसरीतच त्याच्या अर्थाचा विचार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वायुदलातील वैमानिकांच्या अभ्यासातून वाढलेली आणि जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली निर्णायक प्रसंगांची पद्धत मोघम मत मागत नाही. घडलेला एक विशिष्ट प्रसंग सांगा, एवढेच ती म्हणते.

शीला टोबायस यांचा मार्ग तर सर्वांहून निराळा होता. ज्यांनी विज्ञानाची वाट कधीच धरली नव्हती अशा मानव्यविद्यांतील पदवीधरांना त्यांनी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या प्रारंभिक वर्गांत विद्यार्थी म्हणून बसवले आणि रोज जे जाणवले ते लिहून ठेवण्यास सांगितले. उदाहरणे भराभर सुटतात, पण हे सारे कशासाठी हे कोणी सांगत नाही, ही त्या नोंदींतली खंत १९९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

काढलेला अर्थ ज्याची ती जबानी त्याच्यापुढे ठेवून त्याची रुजुवात घेणे, हाही या संशोधनाचा एक संकेत आहे; यव्होना लिंकन आणि इगॉन गूबा यांनी १९८५ मध्ये त्यावर विशेष भर दिला. गुप्ततेचा प्रश्न मात्र केवळ नाव बदलून सुटत नाही. एखाद्या विभागातून वर्षभरात एकच मुलगी गेली असेल, तर तिचे नाव काहीही ठेवले तरी ती ओळखली जाणारच, आणि विभागप्रमुखच मुलाखत घेऊ लागले तर सभ्यपणापलीकडे ती काही बोलणार नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० च्या अंमलबजावणीबरोबर ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या परिपत्रकांतही आले आहेत, आणि सायन्स सोडून आर्ट्सला गेलेली मुले तर आपल्याकडे पूर्वीपासूनच आहेत. त्यांच्याविषयीचा आपला दस्तऐवज काय? दाखल्यावर सोडण्याच्या कारणाचा रकाना असतो, आणि त्यात बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच लिहिलेले आढळते. येथे कोणी हे काम हाती घेतले, तर अमेरिकेतील नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही. कारण तेथील मुलाखत विद्यार्थ्याला निर्णयाचा स्वतंत्र मुखत्यार मानते, आणि आपल्याकडे अकरावीची शाखासुद्धा आईवडील, मामा, क्लासचे सर आणि शेजारचा इंजिनिअर झालेला मुलगा यांच्या मसलतीतून ठरत असते. त्या सर्वांशी बोलावे लागेल, आणि ज्या भाषेत ती मसलत झाली त्याच भाषेत बोलावे लागेल; सांगली-परभणीच्या मुलीची इंग्रजीत घेतलेली मुलाखत नीटनेटकी उतरेल, परंतु स्वयंपाकघरात वडिलांनी काय म्हटले आणि आई त्यावर गप्प का राहिली, हे तिच्यात बहुतेक येणार नाही.