मॅच हॉलमध्ये, आई किचनमध्ये? नो वे!

फायनलच्या दिवशी पबमध्ये टेबल बुक करणं सोपं असतं. पैसे मोजा, मोठ्ठा स्क्रीन बघा, घसा बसेपर्यंत ओरडा. पण तिथे आजोबांना नेणार का? आणि सहा वर्षांच्या भाच्याला? म्हणूनच आमच्या ग्रुपमध्ये हल्ली घरीच 'मॅच पार्टी' रंगते, तीन पिढ्यांसकट. आयडिया झकास! फक्त एकच लोचा आहे. पार्टी घरी म्हटली की घरातलं कुणीतरी मॅच बघतच नाही. कोण, ते सांगायला हवं का?

२ एप्रिल २०११ला धोनीने वानखेडेवर कुलशेखराला तो सिक्सर मारला, तेव्हा माझी आई पुऱ्या तळत होती. आरडाओरडा ऐकून ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. वर्ल्ड कप जिंकल्याचा क्षण तिने रिप्लेमध्ये पाहिला.

सो, रूल नंबर वन...

टॉसनंतर गॅस बंद!

तळण, पोळ्या, 'गरमागरम'चा हट्ट, सगळं कॅन्सल. बेस्ट ऑप्शन म्हणजे भेळ काउंटर. चुरमुरे, फरसाण, कांदा, उकडलेला बटाटा, दोन चटण्या वेगवेगळ्या बाउलमध्ये मांडा. ज्याने त्याने आपली भेळ आपण कालवायची. आधी कालवून ठेवलीत तर पॉवर प्ले संपायच्या आत मऊ पडेल. पोरांसाठी तिखट चटणी लांब ठेवा. अगदी छोटी मुलं असतील तर पॉपकॉर्न आणि अख्खे शेंगदाणेही लांबच बरे, घशात अडकतात. चहा थर्मासमध्ये. वन-डेत साधारण तासा-सव्वा तासाने ड्रिंक्स ब्रेक होतो, तेव्हा ट्रे कोण फिरवणार याच्या चिठ्ठ्या सकाळीच टाका. चिठ्ठीत बाबा, काका, जावई सगळे हवेत!

आजोबांची पॅव्हेलियन सीट

बीन बॅग तुम्हाला कूल वाटते. आजोबांना त्यातून उठवायला दोघं लागतात. त्यांना हातांची खुर्ची द्या, टीव्हीजवळ. पट्टीवरचा स्कोअर दिसत नसेल तर नातवाला शेजारी बसवा, वही-पेन्सिल द्या. प्रत्येक बॉल त्याने ओरडून सांगायचा आणि आजोबांनी स्कोअर कसा लिहायचा ते शिकवायचं. दोघंही बिझी! वन-डे सात-आठ तास चालते, एवढा वेळ पोरांना दुसऱ्या कशाने धरून ठेवणार?

आणि हो, मॅच मोबाइल अ‍ॅपवरून टीव्हीवर लावणार असाल तर ती केबलपेक्षा थोडी मागे असते. शेजारी आधी ओरडतात, आपली विकेट नंतर पडते. त्यामुळे खिडक्या लावून घ्या आणि सगळ्यांचे फोन एका टोपलीत. 'आता कुणी जागेवरून उठायचं नाही' असं आजीने फर्मावलं तर मुकाट ऐका. या बाबतीत लॉजिक चालत नाही.

रात्रीची तयारी

२ नोव्हेंबर २०२५ची महिला वर्ल्ड कप फायनल आठवते? नवी मुंबईत पाऊस, तीनची मॅच पाच वाजता सुरू आणि संपेपर्यंत मध्यरात्र उलटलेली. तेव्हा गाद्या आधीच घालून ठेवा. पेंगणाऱ्या पोरांचा प्रश्न मिटतो. त्या दिवशी आमच्याकडे भेळ होती. सोफ्याच्या मधोमध आई. शफालीचे ८७, दीप्तीचे ५८ आणि वर पाच विकेट्स, सगळं तिने बॉल बाय बॉल पाहिलं. हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा कॅच घेतला, तेव्हा आम्ही सगळे नाचत होतो. आई जागेवरच बसून म्हणाली, "अगं, लाइव्ह बघायला एवढी मजा येते होय?"

त्या एका वाक्यावर पुढच्या सगळ्या पुऱ्या कुर्बान!

आणि हरलो तर?

तेही होतं. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादमध्ये ऑस्ट्रेलियाने कप नेला, तेव्हा कितीतरी घरांत मुलं रडत झोपली असतील. म्हणून श्रीखंडाचा डबा 'जिंकलो तरच उघडायचा' अशी अट ठेवू नका. मॅच संपली की वाट्या भरायच्याच. आणि त्या वाट्या धुवायला कोण? चिठ्ठ्या आहेतच की!