यमुनेचा तंटा आणि ऑनलाइन वर्ग

२०१६च्या फेब्रुवारीत जाट आरक्षण आंदोलन पेटलं, हरियाणातल्या मुनक कालव्याची मोडतोड झाली आणि दिल्लीतल्या लाखो घरांचे नळ कोरडे पडले. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, कालव्याचा ताबा परत मिळवायला लष्कर पाठवावं लागलं. टँकरपुढे कॅन घेऊन उभ्या असलेल्या बाईचं आरक्षणाच्या मागणीशी काय देणंघेणं? तरी झळ तिलाच बसली. एका तंट्याची आग भलत्याच उंबरठ्यावर कशी पोहोचते, याचा पद्धतशीर शोध घेणारा विषय म्हणजे संघर्ष-विश्लेषण.

हा विषय आता घरबसल्या शिकता येतो. १९८४ साली अमेरिकी काँग्रेसने स्थापन केलेल्या ‘युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट ऑफ पीस’ने ‘संघर्ष-विश्लेषण’ याच नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम जगभरासाठी उघडला. या संस्थेच्या प्रशिक्षण विभागाला पुढे गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव मिळालं. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी उभं केलेलं ‘ट्रान्सेंड’ शांतता विद्यापीठही असे वर्ग इंटरनेटवरून घेत आलं. गाल्टुंग या विद्याशाखेचे एक प्रवर्तक. सक्तीच्या सेवेला नकार दिला म्हणून तरुणपणी तुरुंगात गेले आणि तिथे गांधीविचारावरच्या पुस्तकाचं काम करत बसले. पुढे १९९३मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. वर्ध्याशी जोडलेलं हे नाव ऑस्लोच्या अभ्यासकापर्यंत पोहोचलं, याचं मराठी वाचकाला अप्रूप वाटावं.

गाल्टुंग यांनी संघर्षाचा त्रिकोण मांडला. एका कोपऱ्यात माणसांचं वागणं, म्हणजे मोर्चा, दगडफेक, नाकाबंदी. दुसऱ्यात त्यांच्या मनातला राग, भीती, पूर्वग्रह. तिसऱ्यात मूळ विसंगती, म्हणजे एकमेकांना छेद देणारी उद्दिष्टं. बातम्यांत दिसतो तो फक्त पहिला कोपरा. विद्यार्थ्याला आधी शिकायचं असतं ते उरलेले दोन धुंडाळायला. मग पक्षकारांचा नकाशा काढायचा आणि प्रत्येकाची जाहीर भूमिका, त्यामागचं हित आणि त्याखालची गरज वेगवेगळी लिहून काढायची.

दिल्लीच्या विद्यार्थ्याने हे पाण्यावर करून बघावं. १२ मे १९९४ रोजी यमुनेच्या पाण्याचा करार झाला. वर्षाला ११.९८३ अब्ज घनमीटर पाणी वाटलं गेलं. हरियाणाला ५.७३०, उत्तर प्रदेशला ४.०३२, राजस्थानला १.११९, दिल्लीला ०.७२४ आणि हिमाचलला ०.३७८. तीस वर्षांनी, जून २०२४च्या उन्हाळ्यात, तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने तो अप्पर यमुना नदी मंडळाकडे पाठवला. दिल्लीची भूमिका होती, आमच्या हक्काचं पाणी सोडा. हरियाणाची भूमिका होती, आम्ही सोडलंय, गळती तुमची. एक बाजू मुनकला सोडलेलं पाणी मोजत होती, दुसरी दिल्लीतल्या बवान्याला पोहोचलेलं. दोघांचे आकडे जुळणार कसे?

नकाशा नीट काढला की आणखी पक्षकार दिसू लागतात. पानिपत-सोनिपतकडून येणाऱ्या सांडपाण्यामुळे अमोनिया वाढला की दिल्लीतल्या वझिराबादचं जलशुद्धीकरण केंद्र अडखळतं, म्हणजे कारखानेही या तंट्यात आहेत. दक्षिण हरियाणातल्या कोरडवाहू जिल्ह्यांचा शेतकरी आहे. टँकरवर जगणारी दिल्लीतली संगम विहार ही वस्ती आहे. जायकवाडीत पाणी सोडण्यावरून नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात होणारी ओढाताण ज्याने पाहिली आहे, त्याला हे चित्र अनोळखी नाही.

अशा वर्गांचा सर्वांत मोठा फायदा हाच, की ते माणसाला घाईने बाजू घेऊ देत नाहीत. मर्यादाही मोठी आहे. पडद्यावर कोसोव्हो किंवा कोलंबिया वाचून झालं, तरी समोर बसलेल्या चिडलेल्या माणसाचं ऐकून कसं घ्यायचं ते येत नाही. शिवाय परदेशी पैशावरच्या वर्गाचा भरवसा किती धरायचा? मार्च २०२५मध्ये त्याच अमेरिकी संस्थेतल्या जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं.

म्हणून दिल्लीत असलेल्यांनी शहरातली दारंही ठोठावावीत. जामिया मिल्लिया इस्लामियात २००४पासून नेल्सन मंडेलांच्या नावाचं शांतता आणि संघर्ष-निराकरण केंद्र आहे. तिथे संघर्ष-विश्लेषणात एमए करता येतं. लेडी श्रीराम कॉलेजात या विषयाचा पदविका अभ्यासक्रम चालतो. १९९९मध्ये सुरू झालेल्या ‘विस्कॉम्प’ या उपक्रमाने स्त्रियांना शांततेच्या चर्चेत आणण्याचं काम केलं. ऑनलाइन वर्गातून चौकट मिळेल, पण तिच्यात भरायचा मजकूर कालव्याकाठी आणि वस्तीतच गोळा करावा लागेल.

आणि ते काम आत्ताच करायला हवं. २०२५नंतर कोणत्याही राज्याला १९९४च्या कराराचा फेरविचार मागता येईल, अशी तरतूद करारातच आहे. त्या वाटाघाटींत सचिव आणि अभियंते असतीलच. सोनिपतचा शेतकरी आणि संगम विहारची रहिवासी यांच्या गरजा नोंदवून, त्या कागदासह तिथे बसणारं माणूसही असायला हवं.